गरम भाज्या-पनीरचे लावण : एका पदार्थाच्या निमित्ताने संप्रेरकांविषयी थोडे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात आहार विभागाच्या वतीने देण्यात आलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वार्षिक मेळाव्यात आहार विभागाने बोलावे, आणि तेही एका पदार्थाविषयी, हे पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. शस्त्रक्रियागृह, यंत्रसामग्री, नवे कक्ष यांविषयी बोलणारे माझ्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर आहेत. माझा विषय लहान आहे. फ्लॉवर, पालक आणि पनीर यांचे एक गरम लावण, ज्याला आजच्या मुली ‘डिप’ म्हणतात, ते कसे करावे, कोणासाठी करावे आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये, एवढेच मला सांगायचे आहे. मात्र या लहान विषयाच्या मागे एक मोठे दुखणे उभे आहे. त्याचा परिचय करून दिल्याशिवाय पदार्थाकडे वळता येणार नाही.

स्त्रीरोग विभागातून आमच्याकडे आहारसल्ल्यासाठी ज्या मुली येतात, त्यांतील पुष्कळजणींच्या कागदावर ‘पीसीओएस’ ही चार अक्षरे असतात. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हे त्याचे पूर्ण नाव. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या अभ्यासावरून या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आज जगभरात मूल होण्याच्या वयातील दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला हा विकार असतो असे मानले जाते, आणि ज्यांना तो असतो त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचे निदान झालेलेच नसते. नावात ‘सिस्ट’ हा शब्द असल्याने घरची मंडळी घाबरतात. पोटात गाठी झाल्या, आता शस्त्रक्रिया करावी लागणार, असा समज होतो. सोनोग्राफीत दिसणारे ते ठिपके म्हणजे नेहमीच्या अर्थाने गाठी नव्हेत. अर्ध्यावर वाढ थांबलेली स्त्रीबीजांची ती पुटके असतात.

वाढ अर्ध्यावर का थांबते, याच्या उत्तरात आपल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. या विकारातील अनेक स्त्रियांच्या शरीरात इन्सुलिनला द्यावा तसा प्रतिसाद दिला जात नाही. रक्तातील साखर आवरण्यासाठी स्वादुपिंडाला मग अधिक इन्सुलिन स्रवावे लागते. हे वाढलेले इन्सुलिन बीजकोशांना अँड्रोजेन म्हणजे पुरुषी समजली जाणारी संप्रेरके जास्त प्रमाणात तयार करायला लावते. त्याच वेळी या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात कमी तयार होते. एकीकडे उत्पादन वाढले आणि दुसरीकडे लगाम सैल झाला, की पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमे जात नाहीत, कंबरेभोवती वजन वाढत जाते. पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका वाढतो. वर्षानुवर्षे पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. म्हणूनच ‘पाळीचंच तर आहे, लग्न झालं की होईल सुरळीत’ हे वाक्य आमच्या खोलीत जेव्हा ऐकू येते, तेव्हा आम्ही लिहिणे थांबवतो आणि आधी त्या वाक्याशी बोलतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विकार असलेली प्रत्येक मुलगी स्थूल नसते, आणि स्थूल मुलीने तो स्वतःच्या जिभेने ओढवून घेतलेला नसतो. कुटुंबात मधुमेह असणे, अनुवंशिक कल असणे यांचा त्यात वाटा असतो. आहार हा उपचाराचा एक भाग आहे. मुलीच्या चारित्र्याची ती परीक्षा नव्हे. ‘हिला म्हटलं कमी खा, तर ऐकत नाही’ अशी तक्रार आईने मुलीसमोर केली, की त्या मुलीची मान खाली जाते आणि त्यानंतर ती आम्हाला खरे काही सांगत नाही.

आता ‘ग्लायसेमिक निर्देशांक’ या भारदस्त शब्दाविषयी. १९८१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ खाद्यपदार्थ लोकांना खाऊ घालून त्यांच्या रक्तातील साखर किती चढते ते मोजले. ग्लुकोजला १०० धरून प्रत्येक पदार्थाला आकडा दिला. आज ५५ पर्यंतचा आकडा कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० वा त्याहून जास्त असलेला आकडा अधिक समजतात. पांढरा पाव, उकडलेला बटाटा ही मंडळी सत्तरीच्या आसपास किंवा पुढे. बहुतेक डाळी, हरभरे, राजमा बरेच खाली. कल्पना उपयुक्त आहे, पण तिची पोथी होऊ देऊ नये. त्या पहिल्या यादीत गाजराचा आकडा नव्वदीच्या वर होता. त्यामुळे कित्येक वर्षे मधुमेह्यांच्या ताटातून बिचारे गाजर हद्दपार झाले. पुढच्या मोजमापांत तेच गाजर चाळिशीच्या आसपास आले. दुसरे उदाहरण बटाट्याच्या वेफर्सचे. तेलामुळे पचन मंदावत असल्याने वेफर्सचा निर्देशांक उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी भरतो. म्हणून काय कोणी वेफर्सची शिफारस करील?

आणखीही एक कबुली शास्त्राने दिलेली आहे, ती आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे. २०२३ साली ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने पीसीओएसविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. आरोग्यपूर्ण आहार आणि व्यायाम हवाच, पण कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचा पुरावा नाही, असे त्यांत म्हटले आहे. जी मुलीला पेलेल, आवडेल आणि जिच्यात तिचे अन्नघटक सांभाळले जातील ती पद्धत निवडावी, असा त्या सूचनांचा रोख आहे. तेव्हा ‘संप्रेरके संतुलित करणारी’ म्हणून जी चूर्णे, बिया आणि पेये हल्ली मोठ्या किमतीला विकली जातात, त्यांच्याकडे जरा सावधपणे पाहावे. आणि हाच नियम मी माझ्या लावणालाही लावते. एक वाटी पालक-पनीर खाऊन कोणाचीही पाळी नियमित होणार नाही.

मग हा पदार्थ सांगायचा तरी कशासाठी? त्याचे कारण आमच्या खोलीत घडणाऱ्या संवादांत आहे.

आहाराचा तक्ता हाती दिला, की आई पहिला प्रश्न विचारते, ‘ताई, हिच्यासाठी वेगळं काय काय करू?’ या प्रश्नात माया आहे, आणि हाच प्रश्न सगळा बेत बिघडवतो. सहा माणसांच्या घरात, एका शेगडीवर, सकाळी साडेपाचला उठून डबे भरणारी ती बाई एका मुलीसाठी वेगळे सूप, वेगळी कोशिंबीर, वेगळी भाकरी किती दिवस करणार? पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात ओढाताण होते, तिसऱ्यात मुलगीच म्हणते, ‘राहू दे आई, मी सगळ्यांचंच खाते.’ शिवाय त्या वेगळ्या ताटाने घरात एक न बोललेली गोष्ट रोज दोन वेळा जाहीर होते, की ही मुलगी आजारी आहे. पाहुणे आले की विचारतात, ‘का गं, तू नाही घेणार?’ आणि उत्तर द्यायला तिच्याजवळ शब्द नसतात. छापील तक्त्यांतील ऑलिव्ह तेल, ब्रोकोली, क्विनोआ, अ‍ॅव्होकॅडो यांची तर बातच सोडा. धर्मादाय रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभ्या असणाऱ्या कुटुंबाला असला कागद देणे म्हणजे काहीच न देण्यासारखे आहे.

म्हणून आम्ही शोध घेतला तो पदार्थाचा नव्हे, तर दिवसातल्या वेळेचा. या मुली दोन्ही वेळच्या जेवणात फारसे बिघडवत नाहीत, असे त्यांच्या आहाराच्या नोंदी वाचताना दिसते. बिघडते ते दुपारी चार ते संध्याकाळी सातच्या दरम्यान. कॉलेजातून किंवा कामावरून मुलगी दमून येते. घरात चहा झालेला असतो. चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर, फरसाण, नाहीतर कोपऱ्यावरचा वडापाव. भूक खरी असते आणि समोर असतो तो बहुतेक मैदा. शहरातल्या मुली एखाद्या वाढदिवसाला उपाहारगृहात जातात तेव्हा पुढ्यात येते ते पालक आणि चीजचे गरमागरम डिप. हा अमेरिकेकडचा पदार्थ. तिकडे तो पालक आणि आर्टिचोक नावाची भाजी, क्रीम चीज, आंबट साय आणि मेयोनेज घालून भट्टीत भाजतात. आपल्याकडे तो येता येता मैद्याच्या पांढऱ्या सॉसवर उभा राहिला, आणि त्याच्या जोडीला मैद्याचाच पाव आला. मुलींना हे डिप आवडते. नको म्हणून सांगण्याऐवजी तेच घरच्या शेगडीवर, सगळ्यांना पुरेल असे, मैद्यावाचून करता आले तर? घरातला धाकटा भाऊ आणि आजोबाही ज्याच्यात हात घालतील असे? मुलीसाठी वेगळे काही नाही. तिला जे हवे तेच सगळ्यांसाठी. या पदार्थाचा खरा गुण मला विचाराल तर हा आहे.

आता कृती. ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण अशा पदार्थांत बारकावे चुकले की पाणचट लगदा होतो आणि मग शास्त्र कितीही बरोबर असले तरी कोणी खात नाही.

चार माणसांसाठी निवडलेले फ्लॉवरचे तुरे पाव किलो, निवडून धुतलेला पालक दीडशे ग्रॅम, एक लहान कांदा, एक ढोबळी मिरची, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, दीडशे ग्रॅम पनीर, घट्ट चक्का तीन मोठे चमचे, चीजचा एक लहान तुकडा म्हणजे साधारण २५ ग्रॅम, आणि दोन चहाचे चमचे शेंगदाण्याचे तेल. मिरपूड, चिमूटभर जायफळ, अर्धे लिंबू. मीठ मी मुद्दाम शेवटी सांगते. चीजमध्ये ते भरपूर असते, तेव्हा सर्व झाल्यावर चव पाहूनच घालावे. पुष्कळदा घालावे लागत नाही.

मैद्याच्या सॉसचे काम येथे फ्लॉवर करतो. फ्लॉवर शिजवून वाटला की त्याच्यातील तंतू आणि पेक्टिन यांच्यामुळे दाट, गुळगुळीत पूड न घातलेली अशी पेज तयार होते. मात्र तो पाण्यात उकडू नये, वाफवावा. मोदकपात्र याला उत्तम. दहा-बारा मिनिटांत सुरी सहज आत जाईल इतका मऊ झाला की ताटात पसरून पाच मिनिटे त्याची वाफ जाऊ द्यावी. ही पाच मिनिटे वाचवायला जाऊ नये. वाफेचे पाणी आत राहिले तर पुढे काहीही केले तरी लावण सैल पडते. मिक्सर नसेल तर पुरणयंत्रातून काढावा; खरे तर पुरणयंत्राचा पोत मला जास्त आवडतो.

पालक उकळत्या पाण्यात एक मिनिटच टाकून लगेच गार पाण्यात काढावा, सुती फडक्यात पिळून घट्ट गोळा करावा आणि बारीक चिरावा. पाण्यात उकळून ते पाणी टाकल्याने पालकातील ऑक्झलेटचा काही अंश निघून जातो. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक न घेता कोबी किंवा दुधी घ्यावा. पावसाळ्यात पालक चिखलाने भरलेला आणि महाग मिळतो. तेव्हाही हेच करावे. चाकवत मिळाला तर त्याचेही छान होते. मेथी घालायची तर मूठभरच, नाहीतर तीच एकटी बोलते.

पनीर शक्यतो घरी करावे. एक लिटर गायीच्या दुधातून दीडशे ग्रॅमच्या आसपास किंवा थोडे अधिक पनीर निघते. विकतच्या पनीरमध्ये पिष्ट मिसळल्याची शंका असेल तर त्याचा लहान तुकडा थोड्या पाण्यात उकळून, पाणी गार झाल्यावर त्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकून पाहावे. निळा रंग आला तर पिष्ट आहे असे समजावे. तपासलेला तो तुकडा अर्थातच फेकून द्यावा. ज्या पदार्थातून मैदा काढण्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो आहोत, त्यात मागच्या दाराने पीठ यायला नको. पनीरचा अर्धा भाग फ्लॉवरबरोबर वाटावा आणि अर्धा हाताने कुस्करून ठेवावा. सगळे वाटले तर लहान मुलाच्या खाण्यासारखे लागते. चावायला काही हवे.

जाड बुडाच्या कढईत तेल तापवून ठेचलेला लसूण परतावा, मग कांदा पारदर्शक होईपर्यंत, मग ढोबळी मिरचीचे बारीक तुकडे, मग पालक. पालकातले पाणी आटून कढईतला आवाज बदलला की फ्लॉवर-पनीरचे वाटण घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटे हलवत राहावे. कुस्करलेले पनीर घालून शेगडी बंद करावी, आणि त्यानंतरच चक्का घालावा. शेगडी चालू असताना चक्का घातला तर फाटतो. वरून चीज किसून झाकण ठेवावे, दोन मिनिटांत आतल्या उष्णतेनेच ते वितळते. चीज फक्त चवीसाठी आहे, पदार्थाचे अंग पनीरचे आहे. मिरपूड, जायफळ, लिंबू, आणि झाले. गार झाल्यास भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट करावे, पुन्हा उकळू नये.

यातून एका माणसाला साधारण दहा-अकरा ग्रॅम प्रथिने मिळतात. पिष्टमय पदार्थ आणि शर्करा मिळून दहा ग्रॅमच्या आसपास, आणि उष्मांक दोनशेच्या आतबाहेर. पांढऱ्या पावाच्या दोन कापांतून पिष्टमय पदार्थच पंचवीस ग्रॅमपेक्षा जास्त पोटात जातात आणि त्यांचा निर्देशांक सत्तरीपुढचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक ध्यानात येईल. दुसरा लाभ भाज्यांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या आहारसूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. आपल्या घरांतून एवढ्या भाज्या क्वचितच पोटात जातात. या एका वाटीत कच्च्या वजनाने सव्वाशे ग्रॅमच्या पुढे भाजी आहे, आणि ती भाजी आहे हे खाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

लावण कशाबरोबर खायचे, यावर मात्र सारे अवलंबून आहे. पावाबरोबर खाल्ले तर आपण जेथून निघालो तेथेच परत आलो. काकडी, मुळा, गाजर यांचे लांब काप, वाफवलेली फरसबी, ढोबळी मिरचीच्या फोडी हे उत्तम. पोटाला आधार हवा असेल तर सकाळच्या ज्वारीच्या भाकरीचे चतकोर तव्यावर कडक करून त्याचे तुकडे घ्यावेत. ज्वारी-बाजरीविषयी हल्ली जो भक्तिभाव दिसतो त्यात मी पूर्ण सामील नाही. भाकरी हे शेवटी पिठाचेच अन्न आहे, आणि पीठ जितके बारीक, जितके जास्त शिजलेले, तितकी साखर लवकर चढते. चतकोर खावी, दोन भाकऱ्या नव्हेत. आधी भाज्या आणि पनीर, नंतर भाकरी, असा क्रम ठेवला तर साखरेचा चढ सौम्य राहतो. हे सांगायला पैसे पडत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही काही विकत आणावे लागत नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी घाईघाईने सांगते, कारण वेळ थोडा आहे. दुधाच्या पदार्थांचा ग्लायसेमिक निर्देशांक कमी असतो. पण दुधातील प्रथिने, विशेषतः पनीर गाळताना पाण्यात जाणारी, इन्सुलिनचा स्राव बऱ्यापैकी वाढवतात. म्हणून पनीर चांगले म्हणून वाटेल तेवढे खावे असे नाही. माणशी चाळीस ग्रॅमच्या आत ठेवलेले प्रमाण विचारपूर्वक आहे. ज्यांना दूध पचत नाही किंवा परवडत नाही त्यांनी पनीरऐवजी भिजवून मऊ शिजवलेले छोले किंवा चवळी वाटून घालावी. चव बदलते, गुण कमी होत नाही, आणि खर्च बराच उतरतो.

थायरॉइडच्या रुग्ण विचारतात, फ्लॉवर-कोबी चालतात का? शिजवलेले, नेहमीच्या प्रमाणात आणि घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर चालतात. त्यांनी सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्यावी. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या आणि तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. पीसीओएससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या मुलींनी, त्यातही शाकाहारी मुलींनी, ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने अधूनमधून करून घ्यावी, कारण हे औषध दीर्घकाळ घेतल्यास ते कमी होऊ शकते. आणि पालक पाहून रक्तवाढीची आशा धरू नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यांचा प्रश्न वाटीभर लावणाने सुटणारा नाही. शिवाय पालकातील ऑक्झलेट आणि पनीरमधील कॅल्शियम दोन्ही लोहाच्या आड येतात. लोहाची गोळी चालू असेल तर ती या खाण्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी.

देणगीदार आणि विश्वस्त मंडळींना दोन शब्द सांगते. आहार विभागाला मोठी यंत्रे लागत नाहीत. त्यामुळे वार्षिक अहवालात आमच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो आणि छायाचित्र काढण्यासारखे आमच्याकडे फारसे काही नसते. आम्हाला लागतो तो वेळ. एका मुलीशी आणि तिच्या आईशी, आणि शक्य झाले तर तिच्या सासूशी, निवांत बसून बोलायला लागणारा अर्धा तास. वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी पुष्कळ मुलींमध्ये पाळीत सुधारणा दिसू लागते. साठ किलोच्या मुलीच्या बाबतीत ते तीन किलो होतात. पण हे तीन किलो तीन महिन्यांत, चार भेटींत, आणि घरच्यांच्या साथीने उतरतात. एका भेटीत कागद हातात देऊन उतरत नाहीत. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हा अर्धा तास मिळत नाही. आमची मागणी म्हणाल तर ती एवढीच आहे : आहार विभागासाठी आठवड्यातून दोन दुपारी राखून ठेवलेली एक खोली, तिच्यात एक शेगडी आणि एक मोदकपात्र, आणि मुलींना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला येण्यासाठी एस.टी.च्या भाड्याची सोय. पहिल्या भेटीनंतर ज्या मुली पुन्हा दिसत नाहीत, त्यांतील कित्येकींच्या न येण्यामागे प्रवासाचा खर्च आणि बुडणारा रोज असतो.

आलेल्या आयांना एक विनंती. हे लावण पहिल्यांदा कराल तेव्हा कोणासाठी केले ते सांगू नका. नुसते चहाच्या वेळी मध्ये ठेवा. घरातल्या पुरुष मंडळींनाही पोटाचा घेर आणि साखर यांचे दुखणे आहेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे, तेव्हा त्या वाटीची गरज घरात एकटीलाच आहे असे समजण्याचे कारण नाही.

बोलणे संपले. मागच्या व्हरांड्यात आमच्या सहकाऱ्यांनी शेगडी पेटवून ठेवली आहे, फ्लॉवर वाफवून ताटात पसरलेला आहे. ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी चवळीचे भांडे वेगळे ठेवले आहे. त्यात चमचा मिसळू नये. कृतीचे छापील कागद दाराशी मिळतील. पुरणयंत्र फिरवायला दोन स्वयंसेविका हव्या आहेत, आणि चक्का कोणी मी सांगेपर्यंत घालू नये.